आयक्यू प्लेअर: घ्यायचा तर कार्डासकट

निन्टेन्डोचा आयक्यू प्लेअर हा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल फक्त चीनमध्ये विकला गेला. नोव्हेंबर २००३ मध्ये तो ४९८ युआनला बाजारात आला. तिथे २००० पासून गेम कन्सोलवर बंदी होती आणि नकली कॅसेटींचा सुळसुळाट होता. अशा बाजारासाठी निन्टेन्डो आणि उद्योजक वेइ येन यांच्या संयुक्त कंपनीने वेगळा डबा बनवलाच नाही. निन्टेन्डोचा आधीचा कन्सोल, अख्खा निन्टेन्डो ६४, एका चिपवर आणून थेट कंट्रोलरच्या पोटात घातला. त्यातूनच निघालेली एव्ही वायर टीव्हीला लावायची, अडॅप्टर जोडायचा आणि खेळायला बसायचं.

पकड उत्तम आहे. मूळ कंट्रोलरला तीन मुठी होत्या, याला दोनच आहेत, आणि बोटं सगळ्या बटणांवर सहज पोचतात. खेळ पळतातही अस्सल, कारण आत खरंच त्याच रचनेचं हार्डवेअर आहे.

गुंतागुंत आहे ती खेळ साठवणाऱ्या ६४ एमबीच्या मेमरी कार्डात. ४८ युआन भरून दुकानातल्या मशीनवर कार्डात खेळ भरून घ्यायचा, अशी मूळ पद्धत होती. २००४ पासून घरच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडूनही ते करता येऊ लागलं. जागा मात्र तुटपुंजी. ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ मूळ कॅसेटवर ३२ एमबीचा, ‘पेपर मारिओ’ ४० एमबीचा, म्हणजे हे दोन एका कार्डात मावतच नाहीत. ‘सुपर मारिओ ६४’ केवळ ८ एमबीचा असल्याने झेल्डाशेजारी आरामात बसतो. तेव्हा एक खेळ पुसून दुसरा भरता येत होता. आता ती सेवा बंद झाली आहे, त्यामुळे कार्डात आज जे आहे तेच तुमचं.

जुना सेट घेताना बहुतेक जण इथेच फसतात. प्रत्येक खेळाचा परवाना त्या-त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला बांधलेला असतो. एका विक्रेत्याकडून यंत्र आणि दुसऱ्याकडून भरलेलं कार्ड घेतलं, तर खेळ सुरूच होणार नाही. पैसे देण्याआधी हेच कार्ड ह्याच यंत्रात घालून खेळ चालू केल्याचा व्हिडिओ मागा. नुसता मेनूचा फोटो पुरेसा नाही, कारण काही खेळ ठराविक वेळापुरत्या नमुन्याच्या रूपातही असतात. व्हिडिओत अॅनालॉग काडी चारही दिशांना फिरवून बघायला सांगा. ती ढिली झाली असेल तर दुसरा कंट्रोलर लावून भागत नाही. कंट्रोलर हाच कन्सोल, म्हणजे दुरुस्तीला सगळं यंत्रच उघडावं लागतं.

आपल्याकडे लावताना विजेची अडचण नाही. चीनमध्ये २२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. चपट्या पिनांसाठी साधी कन्व्हर्टर पिन पुरते. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल जागा नसेल तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल. चित्र थोडं धूसर दिसेल, आणि टीव्हीवर गेम मोड लावला नाही तर बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारेल. बंद करताना बटणानेच करा. कार्डावर लिहिणं चालू असताना वायर उपटली तर सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, बिघडू शकतो.

चौघांनी खेळायला स्वतंत्र मल्टिप्लेअर बॉक्स लागतो, आणि तो यंत्राहूनही दुर्मिळ आहे. एकूण खेळ १४, सगळे सरलीकृत चिनी लिपीत. ‘मारिओ कार्ट ६४’ किंवा ‘वेव्ह रेस ६४’ला भाषा आडवी येत नाही. ‘पेपर मारिओ’ आणि ‘अॅनिमल क्रॉसिंग’ मात्र चिनी न वाचणाऱ्याला जवळजवळ बंदच.

तरी कार्डात ‘सिन अँड पनिशमेंट’ किंवा ‘कस्टम रोबो’ असेल तर सेट हातचा सोडू नका. निन्टेन्डो ६४ वर हे दोन्ही जपानबाहेर कधी आलेच नाहीत. नुसता ‘डॉ. मारिओ’ असलेल्या कार्डासाठी तेवढेच पैसे मोजण्यात अर्थ नाही.