आभा ॲप : संमतीची सोय उत्तम, नोंदी अपुऱ्या

आईच्या मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे कागद एका जागी राहावेत म्हणून मी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे आभा ॲप वापरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल करून जोडण्याच्या सरकारी योजनेचे हे ॲप असून, आधारवरून १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे या नोंदी ज्याला जोडल्या जातात तो ओळख क्रमांक, काढता येतो.

केस पेपरच्या खिडकीजवळचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव, वय, पत्ता परस्पर नोंदवला जाऊन टोकन मिळते, ही सोय वृद्धांसाठी मोलाची आहे. नोंदींचे मात्र तसे नाही. मिशनशी जोडलेल्या रुग्णालयाने किंवा लॅबने आभाला जोडलेली नोंदच आपोआप दिसते. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो स्वतः चढवावा लागतो, आणि फोटोतल्या साखरेच्या आकड्यांवरून तीन वर्षांचा चढउतार पाहायचा तर डॉक्टरांना एकेक फोटो उघडावा लागतो.

गोपनीयतेची रचना मला ॲपपेक्षाही सरस वाटते. सर्व नोंदी एका सरकारी कोठारात न जाता ज्या त्या रुग्णालयाकडे राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी मागितल्यास कोणत्या प्रकारच्या, कोणत्या काळातल्या नोंदी किती दिवस दाखवायच्या हे रुग्ण ठरवतो. दिलेली संमती मागेही घेता येते. ती मागे घेतल्यावर पुढची देवाणघेवाण थांबते, पण तोवर समोरच्याने काढून ठेवलेली प्रिंट किंवा घेतलेली टिपणे परत येत नाहीत. शिवाय नोंद रुग्णालयात राहते याचा अर्थ ती त्या रुग्णालयाच्या संगणकाइतकीच सुरक्षित राहते. नोव्हेंबर २०२२ मधील सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या एम्सलाही अनेक दिवस कागदावर काम करावे लागले होते.

खरी ढिलाई काउंटरवर आहे. आभा ऐच्छिक असूनही एका खासगी रुग्णालयात ‘काढावाच लागतो’ असे सांगून आईकडून ओटीपी मागितला गेला, आणि तो कशासाठी हवा आहे हे कोणी समजावले नाही. (लसीकरणाच्या काळात कोविनवरून अनेकांचे आरोग्य ओळखपत्र (आभाचे तेव्हाचे नाव) त्यांना कल्पना नसताना तयार झाले होते, त्यामुळे या सवयीचे मला नवल वाटले नाही.)

त्यामुळे मी आभा ठेवला आहे, पण आलेली मागणी आहे तशी मंजूर करत नाही. त्या उपचाराशी संबंध नसलेल्या नोंदी वगळतो, मुदत कमी करतो, आणि मूळ कागदांची फाइल कपाटात तशीच आहे.