जाहिरातीत पाच, पडद्यावर एकेकटे: युनिव्हर्सलचे राक्षसपट, काही महिन्यांच्या वापरानंतर

‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१९४४) ग्लेन स्ट्रेंजचा मॉन्स्टर जवळपास अख्खा सिनेमा आडवा पडून असतो. आधी बर्फात, मग घोडागाडीत, मग प्रयोगशाळेच्या टेबलावर. अगदी शेवटी त्याच्यात वीज सोडतात, आता उठणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि नेमकी तिथेच आमची डिस्क अडकली. चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि प्लेअर घरघरत राहिला. घेतली तेव्हा हीच डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरळीत चालली होती, त्यामुळे चीड जास्तच आली.

संच सेकंडहँड. म्हणजे कंपनीचा डबा वगैरे नाही, एका ऑनलाइन विक्रेत्याने चार सुट्या ब्लू-रे रबरबँड लावून एकत्र विकायला काढल्या होत्या: १९४३, ४४, ४५ आणि ४८ सालचे चार सिनेमे, जिथे युनिव्हर्सल या अमेरिकन स्टुडिओने आपले नामांकित राक्षस एकत्र आणले. साडेतीन हजार, म्हणजे सिनेमामागे पावणेनऊशे. डिस्क अमेरिकन, आणि ब्लू-रेला प्रदेशाचं कुलूप असू शकतं: अमेरिकेचा रीजन ए आणि आपला सी, त्यामुळे धाकधूक होती, पण चारही डिस्क निमूट चालल्या.

अडकल्यावर तक्रार केली. पहिलं उत्तर आलं की परत करायची मुदत संपली. दुसरं, “शेवटची पाचेक मिनिटंच अडकतात ना सर, बाकी पिक्चर चालतो ना?” मग म्हणाले व्हिडिओ पाठवा. पाठवला. त्यावर उत्तर: “व्हिडिओत रंग दिसत नाहीत, कृपया टीव्हीची सेटिंग तपासा.” सिनेमाच कृष्णधवल, याच्यावर काय बोलणार? बराच घोळ घातल्यावर चारशे रुपयांचं कूपन मिळालं, तेही त्यांच्याच दुकानात वापरायचं आणि दिवाळीच्या आत.

डिस्कचं एक वेळ सोडा, माझं खरं भांडण सिनेमाशी आहे. १९४४च्या या सिनेमाच्या जाहिरातीत पाच नावं ठसठशीत: फ्रँकेन्स्टाइनचा मॉन्स्टर, वुल्फमॅन, ड्रॅक्युला, कुबडा आणि वेडा डॉक्टर, सगळे एकत्र! प्रत्यक्षात ड्रॅक्युला उरलेल्या दोघांचं तोंडही बघत नाही. वुल्फमॅन बर्फातून बाहेर निघायच्या आधीच तो संपलेला असतो. लग्नपत्रिकेत सगळ्या बड्या पाहुण्यांची नावं छापायची आणि प्रत्यक्षात एकेक जण वेगळ्या पंगतीला जेवून निघून गेला, असला प्रकार. वुल्फमॅन आणि मॉन्स्टर एका वाड्यात असतात खरे, पण मॉन्स्टर उठतो तोवर टॅल्बटला (वुल्फमॅनचं माणसातलं नाव) इलोन्का नावाच्या रोमा मुलीने चांदीची गोळी घातलेली असते. तीन राक्षसांचे पैसे घेतले आणि एकही गाठभेट दिली नाही. परत परत बघूनही हा हिशेब मला जुळवता आलेला नाही.

मात्र ड्रॅक्युलाचा तो तुकडा सुटा म्हणून पाहिला तर उत्तम आहे, हे कबूल केलं पाहिजे. फिरत्या भुताटकी-प्रदर्शनात त्याचा सांगाडा शवपेटीत ठेवलेला, छातीत मेख ठोकलेली. डॉक्टर निमन (म्हणजे बोरिस कार्लॉफ, जो १९३१ साली स्वतः मॉन्स्टर होता) ती मेख उपसतो आणि हाडांवर हळूहळू देह भरत जातो. जॉन कॅरडाइनचा ड्रॅक्युला सडपातळ, डोक्यावर टॉप हॅट, बोलणं अदबशीर. शेवटी पाठलाग होतो, निमन त्याची पेटी गाडीतून सरळ रस्त्यावर ढकलून देतो, आणि हा त्या पेटीकडे सरपटत असताना सूर्य उगवतो. त्याने रीटाच्या बोटात घातलेली अंगठी तो मरताच आपोआप गळून पडते. अंगठीचा तो शॉट डिस्क नीट असताना जरूर थांबवून बघा. दिग्दर्शक एर्ल केंटनने हाच तुकडा ताणून पूर्ण सिनेमा केला असता तर मी पावणेनऊशे हसत दिले असते.

आता १९४३चा ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’. विकत घेतला तेव्हा हा मला संचातला सगळ्यात टाकाऊ वाटला होता. सुरुवात झकास: वाऱ्यात पानं उडताहेत, थडगं लुटायला दोन चोर आलेत, आणि पौर्णिमेच्या उजेडात टॅल्बटचा हात पेटीतून हलतो. पण पुढे मॉन्स्टर येतो आणि तो बेला लुगोसी असतो, म्हणजे १९३१चा ड्रॅक्युला. साठीतला माणूस, दोन्ही हात पुढे पसरून ठेचकाळत चालणारा. मला तर हसूच आलं. मॉन्स्टर म्हणजे झोपेत चालणारा माणूस, ही जी नक्कल आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये करायचो, ती बहुतेक इथूनच आली.

नंतर त्याच्या आधीचा, १९४२चा ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ कुठेतरी बघायला मिळाला आणि माझं मत पार फिरलं. त्या सिनेमाच्या शेवटी मॉन्स्टरच्या डोक्यात त्याच्या साथीदाराचा, इगॉरचा मेंदू बसवतात, रक्तगट जुळत नाही आणि तो आंधळा होतो. इगॉरचं काम लुगोसीनेच केलेलं, म्हणून पुढच्या सिनेमात मॉन्स्टरही तोच, हे तर्काला धरून आहे. १९४३च्या सिनेमात हा मॉन्स्टर बोलणार होता, आपल्याला दिसत नाही हे सांगणार होता. ते प्रसंग चित्रितही झाले होते, पण नंतर सगळे संवाद कापून टाकले. राहिले फक्त पसरलेले हात. आता बघताना नीट लक्ष द्या, बर्फाच्या गुहेनंतर एका ठिकाणी लुगोसीचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज नाही. शेवटी वीज सोडल्यावर तो डोळे उघडून एक कावेबाज हसू हसतो, ते दृष्टी परत आल्याचं. हे कळल्यापासून मी त्याला हसत नाही. कात्री चालवणाऱ्याच्या पदरचं पाप बिचारा लुगोसी इतकी वर्षं वागवतोय.

आणि इथे निदान गाठ पडते! टॅल्बट स्वतः बर्फ फोडून मॉन्स्टरला बाहेर काढतो. शेवटची मारामारी छोटी आहे, दोघांपैकी कोण जिंकतो ते कळायच्या आत खानावळवाला धरण उडवतो आणि सगळं वाहून जातं. पण वुल्फमॅन कपाटावरून उडी मारतो तेवढ्यात पावणेनऊशेंपैकी निम्मे वसूल. कर्ट सिओडमाक, ज्याने हे लिहिलं, तो सांगायचा की त्याला गाडी घ्यायची होती म्हणून त्याने जेवताना निर्मात्याला या जोडगोळीची कल्पना थट्टेत ऐकवली होती. थट्टेतून निघालेल्या सिनेमाने गाठ घालून दिली, आणि पुढच्या वर्षी गाजावाजा करून काढलेल्याने मात्र फसवलं.

‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’वर (१९४५) मी फार शब्द खर्च करणार नाही. ६७ मिनिटं. आदल्या सिनेमात उन्हाने मेलेला ड्रॅक्युला आणि गोळीने मेलेला टॅल्बट दोघेही डॉक्टरकडे उपचाराला येतात, कसे परतले याचं अवाक्षर नाही. टॅल्बटची कवटी बुरशीने मऊ करून ऑपरेशन होतं आणि तो खरंच बरा होतो. मग मॉन्स्टर समोर येतो तेव्हा हा साधा माणूस! वुल्फमॅन विरुद्ध मॉन्स्टर इथेही बुडालं. वरून शेवटची आग १९४२च्या सिनेमातून उचलून चिकटवलेली आहे. कुबड्या परिचारिकेचं काम करणारी जेन अ‍ॅडम्स तेवढी लक्षात राहते.

आणि मग १९४८. ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ ही डिस्क मी सगळ्यात शेवटी लावली, कारण विनोदी आहे म्हणजे राक्षसांची टिंगल असणार हा ग्रह. तर तसं अजिबात नाही. विनोद करतात ते अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीने केलेले दोघे हमाल, राक्षस मात्र शेवटपर्यंत गंभीर. कॉस्टेलो शवपेटीवर मेणबत्ती ठेवून पाटी वाचत असतो आणि झाकण उचललं जाताना मेणबत्ती हळूच सरकते. त्या प्रसंगाला आमच्या घरात सगळ्यात मोठा हशा पडतो. लुगोसी १९३१नंतर पहिल्यांदाच, आणि शेवटचा, पूर्ण लांबीच्या सिनेमात ड्रॅक्युला झालाय. लॉन चेनीचा टॅल्बट पुन्हा लांडगा, म्हणजे ऑपरेशन तीन वर्षंही टिकलं नाही (विचारायचं नाही). ग्लेन स्ट्रेंजचा घोटा मोडला म्हणून एका शॉटमध्ये मॉन्स्टरही चेनीनेच केला.

मुख्य म्हणजे इथे सगळे खरोखर भेटतात. मॉन्स्टर ड्रॅक्युलाच्या हुकमात असतो, वुल्फमॅन ड्रॅक्युलाच्या मागे लागतो, ड्रॅक्युला हाताला येईल ते त्याच्यावर फेकतो, आणि वटवाघूळ होऊन निसटतोय तोच हा त्याला हवेत पकडून सज्जावरून समुद्रात झेपावतो. पाच वर्षं, चार सिनेमे, तेव्हा कुठे हा एक शॉट! एक खोटही सांगून ठेवतो: सँड्राला चावताना ड्रॅक्युलाचं प्रतिबिंब आरशात स्वच्छ दिसतं, आणि रक्तपिशाच्चाचं प्रतिबिंब तर पडायलाच नको. भाच्याने ते पहिल्याच फटक्यात पकडलं, तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाही.

चित्राबद्दल थोडक्यात. धुकं, सावल्या, मेकअपमन जॅक पिअर्सने पहिल्या तीन सिनेमांत चेनीच्या तोंडावर चिकटवलेले याकचे केस, सगळं सुरेख सुटं दिसतं. टीव्हीवरची ‘स्मूथ मोशन’ आधी बंद करा, नाहीतर वाड्याचे सेट मालिकेतले वाटायला लागतात. आवाज मोनो आहे, साउंडबारवर उगाच खर्च करू नका. सबटायटल्स चालू ठेवा, रोमा म्हातारी मालेवा काय म्हणते ते त्याशिवाय मला तरी कळलं नाही.

घ्यायचंच असेल तर १९४८ची सुटी डिस्क घ्या, जमल्यास १९४३ची सोबत. मधल्या दोन कुणाकडून आणून बघितल्या तरी पुरे. मी त्या चारशेच्या कुपनातून १९४२चा ‘घोस्ट’ मागवलाय, लुगोसीचं ते आंधळेपणाचं प्रकरण नीट बघायला. सव्वासहाशे वरून घालावे लागले, आणि डिलिव्हरीचे वेगळे.