स्टॅटला २० ची कॅप हवी की मोकळं सोडायचं?

टेबलवर फाशांनी खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एक गोष्ट) सुरू करताय आणि सिस्टिम, म्हणजे कोणत्या नियमांनी खेळायचं, ते ठरत नाहीये, तर क्लास न् स्पेल चाळायच्या आधी एक बघा, कॅरेक्टरचे स्टॅट (ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे) किती वर जाऊ शकतात. पाचव्या-सहाव्या लेव्हलपर्यंत यातला फरक फारसा जाणवत नाही, पंधराव्याच्या पुढे मात्र पदोपदी जाणवतो.

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) ची पाचवी एडिशन (२०१४) सरळ सांगते, प्लेअरच्या स्टॅटचा स्कोअर २० च्या वर नाही, मॉन्स्टर आणि देवबिव ३० पर्यंत. २० म्हणजे मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा बोनस) +५, प्रोफिशियन्सी (लेव्हलप्रमाणे वाढणारा सरावाचा बोनस) +२ पासून फार तर +६, म्हणजे जादूच्या वस्तू सोडल्या तर विसाव्या लेव्हलचा फायटर साधारण +११ वर थांबतो. यातला मला आवडणारा भाग असा की ज्याचे फासे सुरुवातीला बरे पडले नाहीत तो कायमचा मागे पडत नाही, १६ ने सुरुवात केली तरी चौथ्याला १८ आणि आठव्याला २०, आणि पहिल्याच लेव्हलला २० घेऊन बसलेला तिथेच असतो. आता त्या नशीबवानाने मधे स्टॅट वाढवण्याऐवजी दोन फीट (खास कौशल्यं) घेतलेले असतात हेही खरं. पॉइंट बाय (फासे न टाकता ठरावीक पॉइंटांत स्टॅट घेणं) वापरा, ती भानगडच मिटते.

डी अँड डी च्याच ३.५ एडिशनमध्ये (२००३) अशी कॅपच नाही. विझार्डने १८ इंटेलिजन्सने सुरुवात केली, लेव्हलचे ५ मिळाले, जादूच्या पुस्तकाचे ५, हेडबँडचे ६, झाले ३४. मॉडिफायर +१२, नवव्या लेव्हलच्या स्पेलचा सेव्ह डीसी (स्पेलपासून वाचायला समोरच्याने गाठायचा आकडा) ३१! समोरच्याचा कच्चा सेव्ह (वाचण्याच्या रोलचा कमकुवत बोनस) विसाव्या लेव्हलला बेस +६ असतो, त्यात स्टॅटचे २ आणि जादूच्या क्लोकचे ५ धरले तरी वीस बाजूंच्या फाशावर १८ पडावा लागतो. ज्याला घरी बसून बिल्ड (आकडेमोड करून केलेली कॅरेक्टरची जुळणी) घोटायला आवडतं त्याला हे स्वर्गसुख आहे, पण त्याच टेबलवर एक जण नुसता मजेत खेळायला आलेला असेल तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मॉन्स्टर कोणाच्या मापाचा आणायचा?

पण कॅप आली की सेव्हचा प्रश्न सुटला असं समजू नका. पाचवीत डीसी १९ पर्यंत जातोच, आणि ज्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी नाही आणि स्टॅट ८ आहे तिथे नेमका २० च पडावा लागतो. कॅपमुळे वरचं टोक आवरतं, खालचं तिथेच राहतं. शिवाय पळवाटा आहेत. जायंट स्ट्रेंथचा बेल्ट घातला की स्कोअर थेट २१ ते २९, बेल्टच्या प्रकाराप्रमाणे, म्हणजे ८ स्ट्रेंथवाला एका क्षणात त्या बिचाऱ्याच्या पुढे ज्याने दोन वेळा सुधारणा करून २० गाठलेत. माझं मत विचाराल तर हा बेल्ट लुटीत टाकताना दहा वेळा विचार करावा. २०२४ च्या नियमांत एकोणिसाव्या लेव्हलच्या एपिक बूनने (खास वरदानाने) २० ओलांडता येतं, पण तिथवर किती कॅम्पेन पोचतात?

पाथफाइंडर या डी अँड डी सारख्याच गेमची दुसरी एडिशन (२०१९) मधला रस्ता घेते. पहिल्या लेव्हलला १८ च्या वर नाही, नंतर पाचव्या, दहाव्या, पंधराव्या, विसाव्याला चार-चार बूस्ट (स्टॅट वाढवायच्या संधी), १८ च्या खाली असेल तर +२, नाहीतर फक्त +१. त्यामुळे एकच स्टॅट ताणण्यापेक्षा बाकीचे वर आणणं परवडतं आणि शेवटी कॅरेक्टर चौफेर होतं. खटकतं एवढंच की तिथे डीसीपेक्षा १० जास्त आले की क्रिटिकल (जास्त मोठं यश), म्हणून एकेका +१ ला जबर किंमत, आणि मुख्य स्टॅट १८ न ठेवता सुरुवात करणं जवळपास कोणी करत नाही.

जुन्या ॲडव्हान्स्ड डी अँड डी (१९७८) मध्ये वंशाप्रमाणे आणि चक्क कॅरेक्टर स्त्री की पुरुष यावरही कमाल स्ट्रेंथ ठरायची, पुरुष मानव फायटरला १८/००, स्त्रीला १८/५० (रेघेनंतरचा आकडा म्हणजे १८ च्या वरची जादा ताकद, ०० म्हणजे १००). दुसऱ्या एडिशनने तो स्त्री-पुरुष भेद काढला ते बरंच झालं. आज हे कोणी निवडावं असं वाटत नाही.

तर नवखे प्लेअर आणि लांब कॅम्पेन असेल तर पाचवी, सगळे मुरलेले असतील तर पाथफाइंडर दोन. ३.५ तेव्हाच, जेव्हा टेबलवरचे सगळेच बिल्डवेडे आहेत. आणि पाचवी खेळताना कोणी कॅप २४ करूया म्हणालंच तर लक्षात ठेवा, २४ स्ट्रेंथ आणि कॉन्स्टिट्यूशन हे विसाव्या लेव्हलच्या बार्बेरियनचं खास बक्षीस आहे, त्याला आधी विचारा.