कर्णा की टॉवर: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माडीवर सात महिने

कर्णा म्हटलं की आमच्याकडं जत्रा आठवते, नाहीतर गणपतीची मिरवणूक. म्हणून आधीच सांगतो: गेल्या सात महिन्यांत मी गाणं पूर्वीपेक्षा हळू आवाजात ऐकायला लागलोय, आणि ते कर्ण्यांमुळंच.

माडीवरची खोली बारा बाय अठरा फूट. तिथं नऊ वर्षं परदेशी टॉवर स्पीकर, म्हणजे जमिनीवर उभ्या उंच पेट्या, होते. रेशमी डोमचा ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर), एक वॅट दिला की एक मीटरवर 86 डेसिबल आवाज. एका बंद पडलेल्या टॉकीजमधली कर्ण्यांची जोडी जूनमध्ये हाती लागली. खाली पंधरा इंची कागदी वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), वर कॉम्प्रेशन ड्रायव्हरला, म्हणजे बारीक पडद्याच्या डबीला, जोडलेला कर्णा. पेट्या किडल्या होत्या, त्या सुताराकडून नव्या करून घेतल्या. ही जोडी 98 डेसिबल देते. फरक बारा डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच आवाजाला टॉवरला जवळपास 16 पट वॅट लागतात. माझा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर 8 वॅटचा आहे. टॉवरवर तो धापा टाकायचा. कर्ण्यावर एक वॅटसुद्धा क्वचित लागतो.

शेताच्या बांधावरून हाक मारताना आपण तोंडाभोवती हात धरतो, तसंच हे काम. बारीक पडद्याला मोकळी हवा नीट ढकलता येत नाही, बरीच ताकद वाया जाते. कर्णा तोंडाकडं हळूहळू रुंदावत जातो आणि पडद्याची हवेवरची पकड वाढते. त्यामुळं पडदा कमी हलतो, कमी हलला की आवाज कमी बिघडतो. सुरुवातीच्या बोलपटांच्या काळात अॅम्प्लिफायर थोड्या वॅटचे असायचे, तेव्हा एवढ्यात अख्खं थिएटर भरायला कर्ण्याशिवाय इलाज नव्हता. अल्टेक लॅन्सिंग या अमेरिकन कंपनीचे 'व्हॉइस ऑफ द थिएटर' स्पीकर 1945 मध्ये आले, माझ्या जोडीचा वरचा कर्णा त्याच घडणीचा.

रात्री दहानंतर शेजार झोपलेला असतो. तेव्हा मी मल्लिकार्जुन मन्सूर लावतो. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी, ती घडवणारे अल्लादियाँ खाँसाहेब इथंच कोल्हापुरात दरबारी गायक होते, त्यामुळं कानाला ती घरची. या गायकीत तान लयीला गुंफून येते, ठेका दिसेनासा झाला की निम्मं गाणं गेलं. टॉवरवर आवाज कमी केला की तबला भिंतीत शिरायचा आणि नुसता गळा उरायचा. कर्ण्यावर बोलण्याएवढ्या आवाजातही चाटेवरचं (तबल्याच्या कडेवरचं) बोट वेगळं कळतं, समेआधीचा श्वास कळतो. माझ्यासाठी सगळा निकाल इथंच लागला.

पण हार्मोनियम आणि सारंगी मी आजही टॉवरवर ऐकतो. कर्ण्यावर सारंगी थोडी नाकात बोलते. त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांची खरखरही कर्णा पुढं आणून ठेवतो, टॉवर ती पोटात घालतात. आणि जवळ बसून चालत नाही. सहा फुटांवर वूफर आणि कर्णा दोन वेगळी माणसं वाटतात, दहा फुटांवर एक होतात. राजारामपुरीतल्या दहा बाय दहाच्या खोलीसाठी कुणी विचारलं तर मी टॉवरच सांगेन. अर्थिंगचंही बघून घ्या. टॉवरवर कधी ऐकू न आलेली घरघर कर्ण्यानं पहिल्याच दिवशी ऐकवली, जुन्या वायरिंगला नवं अर्थिंग दिल्यावर ती गेली.

ऑगस्टमध्ये उजव्या कर्ण्यात चर्र आवाज यायला लागला, तोही एखाद्याच सुरावर. हार्मोनियम घेऊन बसलो, एकेक पट्टी दाबत तो सूर शोधला, काळी चार निघाली. डायफ्रॅम, म्हणजे कर्ण्यामागचा तो बारीक पडदा, गेला होता. बदलून देणाऱ्यानं नवा नीट मध्यावर बसवला नाही, चर्र तशीच. शेवटी मीच स्क्रू सैल केले, तोच सूर अगदी हळू वाजत ठेवला आणि डायफ्रॅम केसभर सरकवत राहिलो. सूर स्वच्छ झाला त्या जागी एकाआड एक स्क्रू आवळले. दोन तास गेले. टॉवरनं नऊ वर्षांत एकदाही असं काही मागितलं नव्हतं, हे कबूल.

दिवाळीत आमचे आप्पा तबला घेऊन वर आले. रेकॉर्डवरचा ठेका आणि स्वतःचा ठेका, दोन्ही शेजारी शेजारी वाजवून बघितले. म्हणाले, "चाट बरोबर हाय बघ, बोट दिसतंय. पण डग्ग्याचा घुमारा कुठं गेला रं?"

बरोबर होतं. माझा वूफर साध्या पेटीत आहे, कर्ण्यात नाही. 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, तिच्याजोगा कर्णा खोलीत मावायचा नाही. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरनं 1946 च्या क्लिप्शहॉर्न स्पीकरमध्ये कोपऱ्याच्या भिंतींनाच कर्ण्याचा भाग करून घेतलं. माझ्या माडीवर एका कोपऱ्यात जिना आहे, त्यामुळं ते जमणारं नाही. पेट्या भिंतीला टेकवल्या, घुमारा थोडा आला. उरलेल्यासाठी नुसत्या खर्जाची वेगळी पेटी, सबवूफर, लागेल.

टॉवर विकले नाहीत. खालच्या खोलीत आईच्या भजनांना लावलेत. सबवूफरचं शिमग्यानंतर बघू, आप्पा पुन्हा तबला घेऊन येणार आहेत.