नौपाड्यातला इंग्रजी क्लास: 'गेट'चा आठवडा चांगला, पाठांतराची यादी नको

नोकरदारांसाठी संध्याकाळी भरणाऱ्या या क्लासने अख्खा आठवडा 'गेट' (get) या एका इंग्रजी शब्दाला दिलाय, आणि ते योग्यच आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांचं व्याकरण बऱ्याचदा पक्कं असतं. बोलताना अडतं ते इथे, कारण शाळेत 'गेट म्हणजे मिळणे' एवढ्यावरच विषय मिटवलेला असतो.

सुरुवातीचा ठोकताळा कामाचा आहे. पुढे नाम आलं तर मिळणं (गॉट अ जॉब), विशेषण आलं तर होणं (गेटिंग लेट), 'टू' आणि ठिकाण आलं तर पोहोचणं (गॉट टू ठाणे). घरी पोहोचलात तर मात्र 'टू' नको, नुसतं 'गॉट होम'.

खरे पैसे वसूल होतात ते 'करवून घेणे'च्या तासाला. 'आय रिपेअर्ड माय फ्रिज' म्हटलं की पाना-पक्कड तुम्हीच चालवलीत असा अर्थ होतो. मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतला असेल तर आधी गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: 'आय गॉट माय फ्रिज रिपेअर्ड'. फळ्यावर पहिलं उदाहरण 'गॉट माय हेअर कट' हे होतं, ती निवड फसली. 'कट'ची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे तिसरं रूप लागतं हे कळतच नाही. 'गॉट अ की मेड' घ्यायला हवं होतं. माणसाकडून काम करवून घेताना त्याच्यानंतर 'टू' येतो: 'गेट द प्लंबर टू कम'. 'मेक'ला हा 'टू' चालत नाही, 'मेक हिम कम'. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून घोटून घेतात, हे उत्तम.

लोकलच्या 'गेट डाऊन'वर सरळ लाल रेघ मारतात, ते जरा अतीच. 'गेटिंग डाऊन अ‍ॅट मुलुंड?' हे आपल्याकडे रुळलेलं इंग्रजी आहे, डब्यात कुणाचं अडत नाही. परदेशी क्लायंटशी बोलताना 'गेट ऑफ' म्हणा. कारण सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं: ज्यात उभं राहता येतं त्या ट्रेन-बसला ऑन-ऑफ, ज्यात वाकून बसावं लागतं त्या रिक्षा-कारला इन आणि आऊट ऑफ. बाईकवर स्वार व्हायचं असतं, म्हणून तिलाही ऑन-ऑफच.

सगळ्यात कच्चं काम म्हणजे शेवटची छापील यादी. गेट अक्रॉस, गेट अलाँग, गेट अवे असं ए-बी-सी-डीच्या क्रमाने पाठ करायला देतात. अशाने 'गेट ओव्हर इट' (त्यातून सावर) आणि 'गेट इट ओव्हर विथ' (एकदाचं उरकून टाक) यांची हमखास अदलाबदल होते. वाक्यासकट शिका, आणि रोज दोन-तीनच.

लेखी इंग्रजीबद्दल इथे अवाक्षर नाही. अर्जात किंवा ऑफिसच्या पत्रात 'गॉट' टाळून 'रिसीव्ड', 'बिकेम' वापरायचं, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागेल.