लाकडी मोशन रिग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये मी घरीच लाकडी मोशन रिग बांधली, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममधल्या गाडीबरोबर हलणारी सीट. तिच्यावर मी जवळजवळ रोज रात्री तासभर गाडी चालवतो. लाकूड टिकेल का, असं तेव्हा प्रत्येकानं विचारलं होतं. लाकूड टिकलं. त्रास दिला तो जोडांनी.

खाली १८ मिमी मरीन प्लायचा पाया, त्यावर सागाची चौकट, मधोमध जीपच्या प्रॉपेलर शाफ्टचा, सगळ्या बाजूंना झुकणारा क्रॉस जॉइंट आणि त्यावर भंगारातली कारची सीट. पाठीमागे ट्रकच्या वायपरच्या २४ व्होल्टच्या दोन मोटारी. मोटारींना जोडलेले दोन्ही दांडे वर गेले की सीट पुढे झुकते, एक वर एक खाली गेला की बाजूला. सिमटूल्स नावाचं सॉफ्टवेअर गेममधून गाडीची हालचाल वाचतं आणि मोटारी चालवणाऱ्या आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाला कळवतं. स्टिअरिंग, पेडल पायालाच पक्के.

सुरुवातीला मी स्क्रू वापरले होते. मोटारी सतत दिशा बदलतात, त्यामुळे स्क्रूचं भोक मोठं होत जातं. तिसऱ्या आठवड्यात कटकट ऐकू यायला लागली. शेजारचे सुतारकाका हात लावून म्हणाले, "प्लायच्या कडेला स्क्रू धरत नाही रे. आरपार बोल्ट टाक, दोन्हीकडे मोठा वॉशर." तसंच केलं. पावसाळ्यात लाकूड फुगलं, आणि दिवाळीत हवा कोरडी झाल्यावर सगळे नट अर्धा-अर्धा फेरा सैल निघाले. आता महिन्यातून एकदा पाना फिरवतो.

जुलैत सीटनं अचानक जोरात हिसका दिला. दांड्याची जागा सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरची कार्बनपट्टी नेमकी मधोमध झिजली होती, कारण सीट बहुतेक वेळ मधल्याच जागी असते. त्या दिवशी मांडीशेजारच्या लाल बटणानं मोटारींची वीज तोडता आली. हे बटण नसेल तर त्या सीटवर कुणालाही बसवू नका. आता चुंबकावरून जागा ओळखणारे हॉल सेन्सर लावलेत. त्यांत घासणारं काही नाही.

आणि अनुभव? पहिल्या आठवड्यात मी हालचाल पूर्ण ठेवली आणि मळमळलं. निम्म्यावर आणली तेव्हा खरी मजा कळली. ब्रेक मारला की सीट हळूच पुढे झुकते, वजन पट्ट्यावर येतं आणि शरीराला गाडी थांबतेय असंच वाटतं. झुकणं वेगळं जाणवलं, की ती जादू गेली. असेटो कोर्सा या गेममध्ये जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकच्या कारुसेल या काँक्रीटच्या उतरत्या वळणात शिरताना सीट डावीकडे कलते आणि काँक्रीटचे सांधे पाठीला जाणवतात, तेव्हा माझे हात आपोआप घट्ट होतात. त्याच ट्रॅकवरच्या फ्लान्झगार्टनला मात्र गाडी हवेत जाते आणि मी जमिनीवरच राहतो. वर-खाली हालचाल या रचनेत नाही.

लोखंडच हवं असं म्हणणाऱ्यांना मी एडविन लिंकबद्दल सांगतो. १९२९ मध्ये त्यानं वैमानिकांच्या सरावासाठी जे यंत्र बनवलं, ते लाकडीच होतं, आणि घरच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातल्या भात्यांवर हलत होतं.

पुढचं काम तिसऱ्या मोटरचं, मागची चाकं घसरल्याची जाणीव देणारी. प्लाय आणून ठेवलाय. या वेळी कापण्याआधी बोल्टची भोकं आखतोय.