रिकामी टाकी, भरलेलं खोकं आणि एक धमकी

घरातल्या समुद्री माशांच्या टाकीतले जीव एकदम गेले की पुढचे काही आठवडे माणूस कुणाचंही ऐकायला तयार असतो. टाकी रिकामी, पंप, दिवे, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) धूळ खात पडलेले. घरचे म्हणतात विकून मोकळी हो, मन म्हणतं पुन्हा लाव. नेमकं हे हेरून गिऱ्हाईक गाठणारे लोक आपल्या किनारपट्टीवर फिरताहेत. त्यांतल्या एकाने मला कसं गंडवलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण नुसता वाईट माल खपवून हा माणूस थांबत नाही. फसलेल्याने तक्रारीला तोंडच उघडू नये, याची तजवीज तो मालाच्या खोक्यातच करून ठेवतो.

आम्ही रत्नागिरीत राहतो. माझी टाकी रीफ पद्धतीची, म्हणजे दगड रचून समुद्रतळासारखी मांडलेली. क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग मासा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लीनर कोळंब्या, गोगलगाई आणि एक समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी). कठीण प्रवाळ मी कधीच ठेवलं नाही. मे महिन्यातल्या वादळात वीज गेली ती लवकर आली नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपली. पंप थांबला की पाण्यात प्राणवायू मिसळायचा थांबतो. त्यात मे महिन्याचं तापलेलं पाणी, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. दगडांच्या छिद्रांत राहणारे जीवाणू गुदमरले, अमोनिया चढला आणि एकामागून एक सगळे गेले. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ज्यांनी काढलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग पुन्हा लावायची की नाही, हा घोळ सुरू झाला. नवी टाकी लावायची तर धीर लागतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. पुन्हा ते सगळं करायची उमेद माझ्यात नव्हती.

कोल्हापूरच्या एका ओळखीतून या माणसाला माझा नंबर मिळाला. बोलायला अगदी गोड. "ताई, टाकी रिकामी ठेवू नका, काचेचा जॉइंट सुकतो. माझ्याकडे मुरलेला रॉक आहे, जीवाणूंनी भरलेला. आज टाकलात की पुढच्या आठवड्यात मासे." रॉक, वाळू, जीवाणूंची बाटली, मालवणच्या समुद्राचं पाणी आणि साफसफाईसाठी गोगलगाई-कोळंब्या असं सगळं मिळून २२,००० रुपये, निम्मे आधी. सोबत एक पांढरंशुभ्र समुद्रफूलही तो 'दुर्मिळ' म्हणून गळ्यात मारू पाहत होता. ते मी घेतलं नाही. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसतात. ती निघून गेली की फूल पांढरं पडतं. पांढरं समुद्रफूल म्हणजे उपाशी समुद्रफूल. भडक पिवळं किंवा गुलाबी दिसलं तर ते रंगवलेलं असण्याचीही शक्यता असते.

रॉक मात्र मला पटला. कारखान्यात घडवलेला सच्छिद्र दगड आहे, समुद्रातून काढलेला नाही, असं त्याने लिहून दिलं. टाकीत मांडलेल्या त्याच दगडांवर कोळंब्या फिरताहेत असा व्हिडिओही पाठवला. तोच व्हिडिओ कोल्हापूरच्या त्या ओळखीच्या माणसालाही पूर्वी आला होता, हे मला फार नंतर कळलं. म्हणून सांगते, व्हिडिओ मागाल तर त्या दिवसाचं वर्तमानपत्र दगडाशेजारी धरून काढलेला मागा.

माल जुलैत आला, धो धो पावसात. पाण्याचे कॅन उघडून रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) लावला तर क्षारता २६, म्हणजे हजार भाग पाण्यात २६ भाग मीठ. समुद्राची ३५ च्या आसपास असते. पावसाळ्यात खाड्या भरून वाहतात तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी असंच पातळ होतं. आपल्या भाट्याच्या खाडीच्या मुखाशी मोजलंत तरी हेच दिसेल. ते सगळं पाणी मी ओतून दिलं आणि आरओच्या पाण्यात मीठ कालवून नवं केलं. जीवाणूंच्या बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना मुदतीची तारीख. तीही वापरली नाही.

खोक्याच्या तळाशी ओल्या कागदात गुंडाळलेले दोन तुकडे निघाले. मुठीएवढे, तपकिरी, वर बारीक बारीक खळग्यांची जाळी. जिवंत प्रवाळ. मी मागितलं नव्हतं, बिलात नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "ताई, ती माझ्याकडून भेट. मालवणचा माल आहे, अस्सल."

इथे पोटात गोळा आला. मालवणचा किनारा म्हणजे १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र. तिथे पाण्याखाली तोंड घालून मी हे प्रवाळ जागेवर पाहिलेलं आहे. गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकतं. मुठीएवढा तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ, आणि ती कुणीतरी छिन्नीने उचकटून माझ्या घरी 'भेट' म्हणून पाठवली होती. मला राग आला तो सगळ्यात जास्त याचा.

कठीण प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ ज्या परिशिष्टात आहे त्याच. पकडणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळंच गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला माझा एक भाचा आहे, त्याला लगेच फोन केला. तो म्हणाला, "मावशी, पाण्यात ठेव, मरू देऊ नकोस, आणि उद्या सकाळी वनखात्याला कळव. कायद्यात ४८ तासांची मुदत आहे." हे मला माहीत नव्हतं आणि बहुतेकांना नसतं. याच कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार असा जीव ही सरकारची मालमत्ता असते. तो कोणत्याही मार्गाने तुमच्या ताब्यात आला, तरी ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला खबर द्यावी लागते. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. दुसऱ्या दिवशी माणसं आली, पंचनामा झाला, माझा जबाब झाला, चॅटचे स्क्रीनशॉट त्यांनी घेतले आणि तुकडे नेले. विक्रेत्याला मी यातलं काही सांगितलं नाही.

रॉक तेवढा टाकीत राहिला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षारता ३५, तापमान २६. सगळं जागेवर. क्लाउनफिशची नवी जोडी सोडली, ती खायला लागली. मग गोगलगाई आणि कोळंब्या.

सकाळी बघते तर गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडलेल्या, मांसल पाय कवचाबाहेर लोंबतोय, बोट लावलं तरी आत घेत नाही. कोळंबीने रात्री कात टाकली होती. ती आडवी पडली होती आणि पोटाखालचे बारीक पाय नुसते थरथरत होते. दुपारपर्यंत तेही थांबलं. आणि क्लाउनफिश शेजारीच मजेत.

मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव पटापट मरताहेत, तर पहिला संशय तांब्याचा घ्यायचा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर माशांच्या टाकीत तांब्याचं औषध घालतात. मासा त्या मात्रेला टिकतो. कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल त्याहून कितीतरी कमी मात्रेत जातात. सुपारीच्या बागेत पावसाआधी फवारतो त्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आठवा, तेच ते, कॉपर सल्फेट. चुन्याच्या जातीचा दगड आणि वाळू हे तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात.

आधी घरातलीच कारणं तपासली. पाणी प्लास्टिकच्या पिंपातून येतं, तांब्याची कळशी टाकीच्या जवळपासही नाही, पाइपाला पितळी जोड नाही. मग एक दगड काढून बादलीत नव्या खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवला, शेजारी तेच पाणी दगडाशिवाय. काही दिवसांनी दोन्हींवर कॉपर टेस्ट किट चालवलं. साध्या पाण्याच्या नळीत रंग आला नाही, दगडाच्या पाण्याच्या नळीत आला. बादलीच्या तळाशी जांभळे पापुद्रेही साचले होते. दगडावरचा सुंदर जांभळा थर हा शेवाळ नसून फासलेला रंग होता. खरं जांभळं शेवाळ दगडावर खरबरीत कवचासारखं बसतं, कुठे दाट कुठे विरळ, नखाने खरवडलं तर भुकटी पडते, पापुद्रा सुटत नाही. आणि उजेड पोचत नाही अशा कपारीत ते एकसारखं चकचकीत कधीच नसतं.

फोन केल्यावर त्याचा सूर बदलला. "हॉटेलच्या शोच्या टाकीत याच दगडावर वर्षानुवर्षं मासे जगले, तुमच्याकडेच कसे मरतात?" त्याच्याच तोंडून निघालं. नुसत्या माशांची टाकी, रोग आला की तांब्याचं औषध, आणि तेच या दगडात मुरलेलं. मी पैसे परत मागितले. तर म्हणाला, "करा तक्रार. तुमच्या टाकीत काय आहे ते मीही सांगतो वनखात्याला. बिल तुमच्या नावावर, पत्ता तुमचा."

ती 'भेट' कशासाठी होती, हे इथे उघड झालं. बिनमागता पाठवलेला तुकडा टाकीत सजला की गिऱ्हाईक कायमचं गप्प. किती जण असे गप्प बसले असतील याचा विचार करूनच मी हे लिहायला घेतलं. त्याला सांगितलं, पंचनामा होऊन गेलाय, तुमचा नंबर त्यात आहे. फोन कट झाला आणि तो नंबर त्या दिवसापासून बंद आहे.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि समोरचा गायब असेल तर सायबरसाठी १९३०, तेही जितकं लवकर तितकं बरं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माझे पैसे परत येतील की नाही, ते आयोग ठरवेल.

आणि टाकी? लावणार आहे. घरात यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मी पैशांपेक्षा दोन गोष्टी बघितल्या: वीज गेली तर पाण्यात हवा सोडणारा बॅटरीवरचा पंप घरात आहे का, आणि सगळं पहिल्यापासून बसवायला लागणारा वेळ द्यायची माझी तयारी आहे का. दोन्हींना आता हो आहे. तो रॉक, वाळू आणि जुने पाइप टाकून दिले. काच व्हिनेगरच्या पाण्याने पुसून बऱ्याच वेळा धुतली. नवा रॉक कोरडा घेतला आहे, कुठल्याच टाकीत न वापरलेला. जुना घ्यायची वेळ आलीच तर आधी बादलीत भिजवून कॉपर टेस्ट करणार, आणि विक्रेता तेवढं थांबायला तयार नसेल तर तिथेच व्यवहार संपला.

क्लाउनफिश पुन्हा ठेवायचे झाले तर पैदास केंद्रातलेच घेणार. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या कृत्रिम पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, समुद्रातून धरून आणलेले घ्यायची गरज नाही. सध्याची जोडी प्लास्टिकच्या टबात आहे आणि व्यवस्थित खाते आहे.

या माणसाने नंबर बदलला असला तरी बोलणं तेच असणार. 'मुरलेला रॉक', 'पुढच्या आठवड्यात मासे' आणि खोक्याच्या तळाशी एखादी न मागितलेली वस्तू. तुमच्याकडे असं खोकं आलं असेल तर फोटो काढा, चॅट पुसू नका आणि त्याच्याशी वाद घालायच्या आधी १९२६ लावा.